गुरनुलेबाईंची एक हजार एकशे सेहेचाळीस नावं

गुरनुलेबाईंनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "भाऊ, घरी काय म्हणते तुले?"

त्या सिंदेवाहीला आमच्या शेजारच्या घरात राहायला आल्या, तो दिवस. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत एकतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मागेपुढे कोणी नाही, नागपूरला बहिणीचा एक मुलगा तेवढा. सामानात एक लोखंडी पलंग, दोन पेट्या, एक शिवणयंत्र. मी पलंगाची एक बाजू धरली होती.

"प्रकाश," मी म्हणालो.

"ते शाळेतलं. घरी?"

जड पलंग हातात तोलून उभ्या असलेल्या माणसाला फार विचार करता येत नाही. "कचरू," मी सांगून टाकलं. माझ्याआधीची दोन मुलं जगली नव्हती. माझ्यावर कोणाची नजर पडू नये म्हणून आईनं मुद्दाम तसं नाव ठेवलं होतं. शाळेत गुरुजींनी त्याचं प्रकाश केलं. पाटबंधारे खात्यात पावसाचे आकडे सांभाळणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला हे नाव चारचौघांत कोणी विचारत नाही.

"कचरू," बाई म्हणाल्या. "चांगलं हाय. उचल आता."

त्या दिवसापासून आईखेरीज मला कचरू म्हणणाऱ्या त्या एकट्याच. पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझी जन्मतारीख विचारली. दाखल्यावर एक जून आहे. आमच्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी तीच टाकत. बाई तडक आईकडे गेल्या. तेव्हा आई होती.

"धानाची रोवणी झाली होती का चालू होती?"

"अर्धी झाली होती बाई. रोवणीच्या बाया बांधीतूनच धावत आल्या."

"म्हणजे जुलैचा शेवट," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. पुढे दर वर्षी आसपासच्या बांध्यांमधली रोवणी अर्धी झाली, की त्या वाटीभर शिरा घेऊन यायच्या. तारीख दर वर्षी बदलायची. मला आधी ते खटकायचं. नंतर मी शिऱ्याची वाट पाहू लागलो.

बाई उंचीनं कमी, चालणं भरभर. चष्म्याला दोरा बांधलेला. 'इत्यादी' या शब्दाचा त्यांना राग होता. "ज्याले मोजायचा कंटाळा आला, तो इत्यादी लिहिते," असं म्हणायच्या. कोणी "पोरं आली होती" म्हटलं की विचारायच्या, "किती? कोण कोण?" माझं त्यांच्याशी जमलं ते यामुळे. मलाही मोघम बोलणं सोसत नाही.

त्यांची ती वही साधी नव्हती. अशा अकरा वह्या होत्या आणि त्यांत एक हजार एकशे सेहेचाळीस मुलांची नावं होती. त्या वह्या सुरू कशा झाल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

नोकरीचं दुसरं वर्ष. आतल्या एका गावाहून एक बाई पायी चालत शाळेच्या फाटकाशी आली. तिला मराठी येत नव्हतं, शिपायाला माडिया येत नव्हतं. ती एकच शब्द म्हणत होती, "कुम्मे, कुम्मे." शिपायानं हजेरीपट पाहिला आणि या नावाची मुलगी शाळेत नाही असं हातानं सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. चौथ्या दिवशी ती भावाला घेऊन आली. भावाला थोडं मराठी येत होतं. तो हात जोडून म्हणाला, "पोरगी मेली असंन तर सांगा जी. आम्ही काई म्हणणार नाई."

कुम्मे आत दुसरीच्या वर्गात पाढे म्हणत होती. पटावर तिचं नाव सुनीता होतं.

"सुनीता मीच ठेवलं होतं," बाई मला म्हणाल्या. "त्या वर्षी एकवीस पोरींचे नावं मी ठेवले. मले वाटे, मी लय चांगलं काम करून राह्यली."

त्या दिवसापासून त्या प्रत्येक मुलाचं घरचं नाव लिहू लागल्या. मग गाव. मग आईनं सांगितलेला जन्म: मोह वेचायच्या दिवसांत, धान कापणीच्या आधी, ज्या साली नदीचं पाणी गावच्या गोटुलघराला लागलं त्या साली. बदल्या त्यांनी टाळल्या. पुढे याच मुलांना जातीच्या पडताळणीला, जंगलातल्या जमिनीच्या दाव्याला कागद लागू लागले. बापाच्या कागदावर मुलाचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. ही दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सांगणारी नोंद कुठल्याच कार्यालयात नव्हती, ती बाईंच्या वहीत होती. निवृत्तीनंतरही माणसं तिथून बस बदलत सिंदेवाहीला यायची. दारात माणूस उभा राहिला, की त्यानं तोंड उघडायच्या आत बाई त्याला घरच्या नावानं हाक मारायच्या. चाळीस वर्षांचा बाप्या त्या हाकेनं पार लहान होऊन जायचा. मग बाई त्याची ओळ उतरवून, सही करून द्यायच्या. जुनी वही पाहून साहेबही ती मान्य करायचे.

भाच्यानं त्यांना आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला तो त्यांच्या बासष्टाव्या वर्षी. जोडून दिला मी. वह्यांचं वय झालं होतं, सगळं यात उतरवा, असं मीच सुचवलं. डी ड्राइव्हमध्ये 'शाळा' नावाचं फोल्डर करून दिलं. बाई उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणायच्या. त्यांची खिडकी आमच्या अंगणात उघडते. सकाळी नऊ ते अकरा आमच्या अंगणात नावं ऐकू यायची. आभाळ गडगडलं की वीज पडेल म्हणून वायर काढून कॉम्प्युटरवर चादर टाकायच्या. दर महिन्याला तो अपडेट मागायचा, त्याला त्या 'तपासनीस' म्हणायच्या. "आला मेला. आता माहं काम बंद करून याची तपासणी होऊ दे."

चार वर्षांत सगळी नावं उतरवून झाली. तोवर वह्यांच्या पेटीला वाळवी लागली होती. त्यांनी मला विचारलं, "याचं काय करू?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं. आता ठेवल्या तर दुसऱ्या पेटीलाही लागेल." बाईंनी अकरा वह्या अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातल्या. तेव्हा मी एकदाही म्हणालो नाही, की आधी दुसरी प्रत काढू. आकड्यांचं काम करणारा माणूस मी. कार्यालयात एका पावसाच्या तीन नोंदी ठेवतो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक अपडेट आला. सदोष होता, हे नंतर सगळीकडे छापून आलं. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, निळा पडदा यायचा, बंद पडून परत सुरू व्हायचा. आमच्या वस्तीत सात घरचे कॉम्प्युटर असे अडकले. पहिला माझा. मी मोबाइलवर वाचून तो दुरुस्त केला आणि लोक मला बोलवू लागले.

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. एकात फायली राखून यंत्रणा नव्यानं बसते, दुसऱ्यात सी ड्राइव्हमधलं सगळं पुसून बसते. पहिला रस्ता दोन घरी चौसष्ट टक्क्यांवर अडकला, दोन्हीकडे अर्धा दिवस गेला. मग मी दुसरा धरला. विचारून घ्यायचो, फायली डीमध्ये आहेत ना? आहेत म्हटलं की पुसायचं. चाळीस मिनिटांत काम व्हायचं. सहापैकी सहा दुरुस्त झाले. लोक म्हणाले, प्रकाशभाऊ, तुम्ही तर इंजिनिअर निघाले. मला ते आवडलं.

सातवा बाईंचा. त्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. माझ्या खुर्चीपासून चुलीपर्यंत पाच पावलं. तिथं मी विचारलं नाही. फोल्डर मीच डीमध्ये करून दिलं होतं, मग विचारायचं काय? मी बटन दाबलं.

चहा पिऊन झाला, कॉम्प्युटर सुरू झाला. बाईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"माही यादी कुठी गेली?"

"डीमध्ये आहे बाई." मी उघडून दाखवलं. 'शाळा' होतं. आत काही नव्हतं.

"तिथून त मी कवाच काढली. इथी, समोर ठेवली होती. वर्गात हजेरी मी कपाटात नाई ठेवत होती, टेबलावर ठेवत होती. यादी डोळ्यापुढं पाहिजे."

समोर म्हणजे डेस्कटॉपवर. म्हणजे सीमध्ये. मी पुसलेल्या भागात.

मी जे बोललो ते शब्द जसेच्या तसे लिहितो. "अपडेटनं नेली बाई. पुष्कळांचं तसंच झालं."

बाईंनी ते रिकामं फोल्डर बंद केलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू काऊन असं तोंड करून राह्यला? तुहं काय चुकलं? मशीन होतं ते." आणि मला अजून अर्धा कप चहा दिला. मी तो प्यायलो.

वस्तीत त्यांनी सांगितलं, कचरूनं लय मेहनत केली, पण त्या तपासनिसानं यादी नेली. कोणी माझ्याबद्दल शंका काढली असती तर बाईच भांडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अंगणात नावं ऐकू येऊ लागली. बाई आठवून आठवून टाइप करत होत्या. मध्येच आवाज थांबायचा. "लालसू… लालसूचा भाऊ कोण? त्याच्या मागं बसे तो?" असं स्वतःलाच विचारायच्या. मग बराच वेळ काही नाही. माझी बायको म्हणाली, "जरा जाऊन बसा ना त्यांच्यापाशी." मी म्हणालो, ऑफिसला उशीर होतो.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर वाचलं, की पुसलेल्या फायली डिस्कमध्ये काही काळ टिकून असतात आणि जाणकाराला त्या काढता येतात. अट एकच: त्या डिस्कवर नवं काही लिहायचं नाही. मशीन ताबडतोब बंद करायचं.

हे वाचलं तेव्हा पलीकडे बाई टाइप करत होत्या. उठून जायचं आणि सांगायचं, बाई, बंद करा. मग त्या विचारणार, काऊन? अपडेटनं नेली तर ती पुसली कोणी? मी तसाच बसून राहिलो. उद्या काहीतरी कारण काढून मशीन घेऊन जाऊ, असं ठरवलं. तो उद्या आला तेव्हा पुसल्याला एकोणीस दिवस झाले होते. त्या एकोणीस दिवसांत बाईंनी तीनशे अठ्ठ्याऐंशी नावं आठवून त्याच मशीनमध्ये लिहिली. घरचं नाव त्यातल्या एकशे एकवीस जणांचंच आठवलं. आणि त्या जे लिहीत होत्या ते जुन्यावरच बसत होतं. हे मला ठाऊक होतं.

शेवटी मशीन हळू चालतं असं सांगून ते चंद्रपूरला नेलं. दुकानदारानं विचारलं, "कधी पुसलं?"

"एकोणीस दिवस झाले."

"मध्ये वापरलं?"

"रोज."

तो हसला. "काका, दुसऱ्या दिवशी आणलं असतं तर बरंच निघालं असतं. आता चौकटीच येतात, बघा." पडद्यावर रांगेनं रिकाम्या चौकटी होत्या. मी मशीन परत आणलं. बाई म्हणाल्या, "आता जोरात चालते रे."

जानेवारीत दोगे आला. दाखल्यावर दिनेश. बाप वारला होता, बापाच्या जमिनीच्या कागदावर वारस म्हणून दोगे होता आणि साहेबाला दिनेश आणि दोगे एकच असल्याचा कागद हवा होता. रविवार होता, मी बाईंच्या ओसरीवर पेपर वाचत होतो. तो दारात उभा राहिला आणि हसत गप्प राहिला. हाकेची वाट पाहत होता.

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"तुहं घरचं नाव काय बाबू?"

त्याचं हसू गेलं. "दोगे, बाई. तुम्हाले नाई ओळखू आलं?"

"आलं, आलं. बस." पण आलं नव्हतं, ते त्यालाही कळलं. बाईंनी त्याला विचारून विचारून कागद लिहून दिला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. साहेब म्हणाले होते, हे तर तूच सांगितलेलं दिसते, जुनी नोंद कुठे आहे?

फोन ठेवून बाई पलंगावर बसल्या. "पोरगा दारात उभा होता अन् मले नाव नाई आलं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बटन मी दाबलं. विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी काय वाचलं आणि त्यानंतर किती दिवस गप्प बसलो. चंद्रपूरचा दुकानदार काय म्हणाला. काही गाळलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "मी लिहून राह्यली होती, तवा तुले ऐकू येत होतं?"

"हो."

"रोज?"

"हो, बाई."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. पाठ माझ्याकडे. "बटन चुकीचं दबते. मी बी एकवीस पोरींचे नावं बदलवले होते. पण कुम्मेची माय दारात आली त मी सांगितलं, मीच केलं म्हणून. त्याच दिवशी सांगितलं." मग म्हणाल्या, "तुमी जा आता, प्रकाशभाऊ."

तुमी आणि प्रकाशभाऊ. त्या दोन शब्दांत त्यांनी मला इतरांच्या रांगेत नेऊन उभं केलं, आणि ते बरोबरच होतं.

फेब्रुवारीत त्यांनी घराला कुलूप लावलं आणि एटापल्लीला एक खोली घेतली. अडुसष्टाव्या वर्षात पोचलेली बाई गावोगाव जाऊन नावं परत गोळा करणार होती. आठवडी बाजाराला सगळ्या गावची माणसं येतात, म्हणून बाजाराच्या दिवशी तिथंच बसायच्या. त्या जे विचारणार होत्या ते सांगू शकतील अशा आया आता थोड्याच उरल्या होत्या. मी फोन केला की उचलायच्या, माझी बायको कशी आहे विचारायच्या, आणि ठेवून द्यायच्या. एकदा मात्र स्वतःहून फोन केला. कार्बन पेपर हवे होते, एटापल्लीत मिळत नव्हते. या वेळी त्या प्रत्येक ओळीच्या दोन प्रती करत होत्या: एक वहीत, एक ज्याचं नाव त्याच्याच हातात. "ज्याचं त्याच्यापाशी राहू दे," म्हणाल्या. "एका जागी ठेवून झालं एकदा."

कार्बन पेपर शोधायला मला तीन गावं फिरावी लागली. पोस्टानं पाठवता आले असते. मी स्वतः घेऊन गेलो.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाई तापानं गेल्या. नव्या वहीत तीनशे सात नावं भरली होती. ती वही आता त्यांच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेकडे आहे, आणि ती पुढं लिहिते आहे. उरलेली आठशे एकोणचाळीस नावं किती मिळतील, मला सांगता येत नाही. दोगेचा दावा अजून पडून आहे. मी दोनदा त्या कार्यालयात जाऊन लेखी दिलं, की नोंद होती आणि ती माझ्या हातून पुसली गेली. साहेबांनी कागद ठेवून घेतला.

मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या कार्बन पेपरच्या वेळी. मार्चचा महिना, दुपारी बारा. बाजाराच्या कडेला, मोहाफुलांच्या ढिगाशेजारी बाई पोत्यावर बसल्या होत्या. मांडीवर वही, बाजूला मिटलेली छत्री, समोर एक फार म्हातारी. गुरनुलेबाई बारीक झाल्या होत्या. मी पुडकं पुढे केलं. त्यांनी उघडून कागद मोजले, पन्नास. बरोबर आहेत म्हणून मान हलवली.

वहीतल्या त्यांच्या ओळी वाकड्या जात होत्या. मी म्हणालो, "बाई, मी लिहू का? तुम्ही सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाई," म्हणाल्या. "छत्री धरा. कागदावर ऊन येते."

मी छत्री धरून उभा राहिलो. म्हातारी सांगत होती, बाई माडियात विचारत होत्या, लिहीत होत्या. सात नावं झाली. ती सगळी तिच्या पोरांची आणि दिरांच्या पोरांची असावीत. बसचा भोंगा वाजला. मी काही म्हणायच्या आत बाईंनी वर न पाहता डावा हात पुढे केला, आणि मी छत्री त्यात दिली.

बसच्या खिडकीतून दिसलं. छत्री त्यांनी पुढे कलती धरली होती, म्हातारी आणि वही दोन्ही सावलीत येतील अशी. त्यांची स्वतःची पाठ उन्हात होती, आणि त्या आठवं नाव लिहीत होत्या.